रेडिएटरवाल्या लोटनचा राग

लोटनला राग यायचा तेव्हा तो आवाज चढवायचा नाही. हातातलं काम खाली ठेवायचा, समोरच्याकडे सरळ बघायचा आणि बोलायचा. धुळ्यात हायवेच्या कडेला त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. गळक्या टाक्या झाळायच्या, नळ्या साफ करायच्या, हेच दिवसभराचं काम. ड्रायव्हर लोक त्याला वचकून असत, आणि तरी त्याच्याकडेच येत. कामात खोट नव्हती.

आमची भिंतीला भिंत. मी लग्न होऊन जळगावहून धुळ्याला आले ते साल सत्त्याऐंशी. त्याच्या आधीपासून लोटन आणि कौतिक शेजारच्या घरात राहत होते. कौतिक आचारी. लग्नाकार्यात वरण-बट्टी करावी तर त्यानेच, असं पारोळा-अमळनेरपर्यंत नाव. लोटन साक्रीकडच्या खेड्यातला, कौतिक जामनेरजवळचा. गल्लीत कोणी विचारलं तर सांगायचे, आम्ही मावसभाऊ. दोघांच्या गावांमध्ये दीडशे किलोमीटरचं अंतर, जातही वेगळी, पण कोणी खोदून विचारलं नाही. मला मात्र वर्षभरात कळलं. कौतिकला टायफॉइड झाला होता आणि लोटन त्याच्या उशाशी बसून त्याचे केस विंचरत होता. मी पेज घेऊन दारात उभी. लोटनने कंगवा लपवला नाही. म्हणाला, "कुंदाताई, ठेवा तिथं. तो आता खाईल." माझ्या लेखी विषय तिथे संपला. नवरा-बायकोचं घर कसं असतं ते मला माहीत होतं. हे तसंच घर होतं, फक्त भांडणं कमी.

कौतिकचा धाकटा भाऊ बन्सीलाल ट्रक चालवायचा. केळीचा माल भरून दिल्लीकडे जायचा आणि येता-जाता भावाकडे मुक्काम करायचा. हसरा होता, देखणा होता. हायवेवर त्याच्या ओळखीच्या बायका होत्या, हे तो लपवत नसे. त्याच्या आईला, भागाबाईला, हे ठाऊक होतं आणि तिला त्याचं फारसं वाटत नव्हतं. पोरगा ट्रकवर आहे, चालायचंच, म्हणायची. तिच्या जिवाला घोर होता तो थोरल्याचा. कौतिक लग्नाला उभा राहत नव्हता.

ब्याण्णव साली पावसाळ्यात बन्सीलाल आला तो ट्रकमधून उतरवावा लागला. ताप, तोंड आलेलं, मानेला गाठी, अंगावरचे कपडे ढगळ झालेले. इथल्या औषधांनी गुण येईना तेव्हा लोटन आणि कौतिक त्याला मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी बन्सीलालला विचारलं, भावासमोर सांगू का? तो हो म्हणाला. मग त्यांनी सांगितलं, एड्स आहे. औषध नाही. तब्येत सांभाळली तर काही वर्षं निघतील. आणि दोनदा बजावलं, याचं लग्न करू नका.

लोटन तिथेच त्या डॉक्टरांना म्हणाला, "आमचंही रक्त तपासा. आम्ही दोघं एकत्र राहतो. भाऊ म्हणून नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांनी नाक मुरडलं नाही, उपदेशही केला नाही. खुर्च्या दिल्या आणि साध्या शब्दांत समजावलं. पुरुषा-पुरुषांच्या संबंधात धोका मोठा असतो, निरोध नसेल तर फारच. रोगाला कोण कोणाशी झोपलं याची लाज नसते; आत शिरायला वाट मिळाली की तो शिरतो. दोघांचं रक्त निर्दोष निघालं. डॉक्टर म्हणाले, "दोघं एकमेकांशी प्रामाणिक राहिलात, ते चांगलं झालं. तसेच राहा." लोटन मला नंतर म्हणाला, सगळ्या आयुष्यात आमच्या राहण्याला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस.

धुळ्याला परतल्यावर कौतिकने गावी जाऊन आईला खरं ते सांगितलं. भागाबाई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या भावाला बोलावलं, आणि दोघांनी मिळून ठरवलं की बन्सीलालचं लग्न करून टाकायचं. घरात बायको आली की पोरगा घरी थांबेल, खाण्यापिण्याची आबाळ थांबेल, रोग हटेल. आणि नाहीच हटला, तर निदान मागे एखादं मूल राहील.

कौतिकने विरोध केला. आई म्हणाली, "तू बोलू नको. तुना मुये हाई पाप मना घरमा शिरनं."

रोग कोणाला झाला, कसा झाला, हे सगळं समोर असून पाप कोणाचं, तर कौतिकचं. कारण तो पुरुषाबरोबर राहतो. कुठल्याशा मासिकात छापून आलं होतं की हा रोग अमेरिकेत तसल्या पुरुषांमुळे सुरू झाला. कौतिकच्या मामाने ते कापून ठेवलं होतं आणि येईल त्याला वाचून दाखवत होता. बन्सीलाल हायवेवर कुठे कुठे थांबायचा ते त्या कागदात नव्हतं.

मुलगी ठरली साक्री तालुक्यातली. नाव बेबाबाई. वय जेमतेम अठरा. बाप सुकदेव, कोरडवाहू शेती, तीन मुलींचा बाप. लोटनच्या गावापासून जवळच. लोटनने दुकान बंद केलं आणि बसने तिथे गेला. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सगळं सांगितलं.

सुकदेव ओट्यावर बसला होता. लोटनने आढेवेढे घेतले नाहीत.

"आबा, तुन्हा व्हनारा जवाई बिमार शे. त्याले एड्स शे. मी सोता दवाखानामा व्हतू. पोरले त्या घरमा देऊ नको."

सुकदेवने त्याला न्याहाळलं. मग म्हणाला, "तू लोटन ना? कौतिकसंगे ऱ्हास तो?"

"हा."

"माले त्यास्ना मामानी सांगेल शे. म्हने, एक मानूस यी, लगीन मोडाले. त्याले कौतिकना भाऊनं घर बसू द्यानं नही, म्हनीसन तो आसं करस." सुकदेव उठून उभा राहिला. "आनि बिमारीनं तू सांगस माले? ती बिमारी कोनास्नी शे, बठ्ठा मुलूखले माहित शे. तुमनासारखास्नी."

"आबा, मनं रगत तपास. तुन्हा जवाईनं बी तपास. एकच दिवस लागी. मंग मनं खोटं निंघनं ते माले मार."

"निंघ इथून," सुकदेव म्हणाला.

आतल्या दाराशी मुलगी उभी होती. तिने ऐकलं असणार. लोटन म्हणायचा, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला सांगायला तोंड उघडलं, तर बापाने दार लावून घेतलं.

त्याच्या डोक्यातून ते दार गेलं नाही. लग्नाच्या दिवशी तो पुन्हा गेला. मांडवापर्यंत पोचू दिलं नाही. नवरदेवाकडची पोरं फाट्यावरच उभी केलेली होती. त्यांनी त्याला मारलं, शर्ट फाडला, आणि मारताना एक जण सारखा ओरडत होता, लांब व्हा रे, त्याचं रक्त लागेल. ज्याच्या रक्तात काही नव्हतं त्याच्यापासून ते लांब उड्या मारत होते, आणि ज्याच्या रक्तात होतं त्याला हळद लागली होती. कौतिकने भावाच्या लग्नात बट्ट्या करायला नकार दिला होता. तो घरी बसून होता. लोटन संध्याकाळी आला, दोन दात हललेले, ओठ सुजलेला. मी हळद-मीठ गरम करून दिलं. कौतिक त्याचा ओठ पुसत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी जायला पाहिजे होतं. मी सांगायला पाहिजे होतं." लोटनचं तोंडच हलत नव्हतं.

लग्नानंतर दोन वर्षांच्या आत बन्सीलाल गेला. त्याच्या आधी बेबाबाईला एक मूल झालं होतं. ते सहा महिन्यांचं होऊन गेलं. बन्सीलाल वाईट माणूस नव्हता, असं कौतिक म्हणायचा. शेवटी-शेवटी तो बायकोचे पाय धरायचा. ती त्याला विचारायची, मला आधी का नाही सांगितलं? तो म्हणायचा, आईने शपथ घातली होती. तो गेल्यावर बेबाबाईला ताप येऊ लागला. तिचं रक्त तपासलं आणि सासरच्यांनी तिला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलं. ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. ती पांढऱ्या पायाची ठरली. आल्या-आल्या नवऱ्याला खाल्लं म्हणत होते. सुकदेव एकदा येऊन बघून गेला आणि पोरीला घरी न्यायचं नाव न काढता परत गेला. त्याच्या दोन मुली अजून लग्नाच्या होत्या.

कौतिक गेला आणि तिला घेऊन आला. भागाबाई अंगणात उभी होती. तिने अडवलं नाही. जा म्हणाली नाही आणि ये म्हणाली नाही.

आमच्या गल्लीचं मला हसू येतं आणि चीडही येते. दोन पुरुष एकत्र राहतात म्हणून ज्या बायका नाक मुरडायच्या, त्यांना आता घरात एक बाई आली याचं समाधान वाटलं. जणू घराला घरपण आलं. मग महिनाभरात कुजबुज सुरू झाली, ही नेमकी कोणाची? आणि तिला काय झालंय ते कळल्यावर तर नळावर माझ्याशीही कोणी बोलेना, कारण ती माझ्या ओसरीवर बसून तांदूळ निवडायची. मी बसू देत होते. माझ्या नवऱ्याला पटत नव्हतं. मी त्याला सांगितलं, तांदळातून काही होत नाही, आणि होत असेल तर आधी मला होऊ दे.

लोटन तिला बेबा म्हणायचा. सकाळी दुकानात जाण्याआधी तिची औषधं काढून ठेवायचा. औषधं म्हणजे काय, तापाची, खोकल्याची, जुलाबाची. खऱ्या रोगावरचं औषध आमच्या कोणाच्या आवाक्यातलं नव्हतं. कौतिक तिला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि पातळ वरण चारायचा. हळूहळू ती सावरली, हिंडू-फिरू लागली, आणि कौतिकबरोबर लग्नाच्या कामांवर भाजी चिरायला जाऊ लागली. एका यजमानाने तिला बाहेर बसवलं, तेव्हा कौतिकने चुली विझवल्या आणि वरात दारात असताना निघून आला. त्यानंतर त्याला बोलावणी कमी झाली.

सत्त्याण्णव साली हिवाळ्यात गावात एका मंडळाची व्याख्यानमाला होती. विषय छापला होता, 'परदेशातील समलिंगी विवाह आणि आपला समाज'. वक्ते बाहेरगावचे एक निवृत्त डॉक्टर. युरोपातल्या डेन्मार्क देशात दोन पुरुषांची नोंदणी सरकार दरबारी होते, दुसरीकडेही तसे कायदे येत आहेत, अशा बातम्या त्या वर्षांत येत होत्या. मी शाळेत शिक्षिका, त्यामुळे मला आमंत्रण होतं. लोटन म्हणाला, मीही येतो. बेबाबाई म्हणाली, मीही. कौतिक नको म्हणत होता, पण आला.

डॉक्टर छान बोलत होते, शब्द तोलून. त्यांनी आकडे सांगितले, अमेरिकेतल्या शहरांची नावं सांगितली. ते म्हणाले, "लग्न ही आरोग्याची संस्था आहे. या लोकांमध्ये रोगाचं प्रमाण इतकं आहे, की त्यांना लग्नाचा हक्क देणं म्हणजे रोगाला परवाना देणं." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाईही टाळ्या वाजवत होती.

लोटन उभा राहिला. सदऱ्यावर झाळकामाचे डाग होते. अध्यक्ष म्हणाले, प्रश्न नंतर. तो बसला नाही.

"मी तुम्ही बोलताय त्यांच्यातला," तो म्हणाला. "रेडिएटरवाला. हा माझ्याबरोबर राहतो, चौदा वर्षं झाली."

कौतिकने मान खाली घातली होती, पण तो उठून गेला नाही.

"रोग आमच्यात आहे. मी नाही म्हणत नाही. माझा दोस्त चिंधा त्यानेच मेला. गावात त्याची बायको होती, पोरं होती, आणि तो स्टँडच्या मागे अंधारात माणसं शोधायचा. नाव न विचारता भेटायचा, कारण नाव कळलं तर मार पडायचा. तुम्ही त्याला एका माणसाबरोबर एका घरात राहू दिलं असतं, तर तो कशाला तिथे गेला असता? आम्हाला घर देत नाही, अंधारात हाकलता, आणि मग म्हणता, बघा, अंधारात रोग होतो. आम्ही दोघं एका घरात राहिलो. आमचं रक्त आजही चांगलं आहे. आता सांगा, रोगाला परवाना कशाने मिळाला आणि रोग कशाने थांबला?"

डॉक्टर म्हणाले, "तुमचं उदाहरण अपवादात्मक आहे. मी समाजाच्या आरोग्याविषयी बोलतोय."

तेव्हा बेबाबाई उठली. तिला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला.

"डाक्टर, मनं लगीन बठ्ठा गावनासमोर लागनं. भामन व्हता, मांडो व्हता, वाजा व्हता. नवरदेव बिमार शे हाई त्या घरले माहित व्हतं. हाऊ लोटनभाऊ सांगाले उना, ते त्याले मारं. मना बापनी बी त्याले हाकली दिन्हं. काबर? तो आसा शे म्हनीसन. मना नवरा मरना. मनं लेकरू मरनं. मी बी मरसू." ती थांबली. "मना लगीनले कोन्ही नही सांगं, आधी रगत तपासा. तवय तुम्हनासारखा डाक्टर कोठे व्हतात?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण विषय वेगळा आहे."

"विषय हाच आहे," लोटन म्हणाला.

अध्यक्षांनी आभार मानायला घेतले. दोन कार्यकर्ते आमच्याजवळ येऊन उभे राहिले, हात न लावता. आम्ही चौघंही बाहेर पडलो. जिन्यात कोणीतरी मागून शिवी दिली. लोटन वळला, आणि कौतिकने त्याचा दंड धरला, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. तसेच दोघं खाली उतरले.

पुढच्या दिवशी दुकानाच्या पत्र्यावर कोणीतरी घाण शब्द रंगवला. लोटनने तो पुसला नाही. म्हणाला, ज्याने लिहिला त्याला रोज वाचू दे. घरमालकाने घर सोडायला सांगितलं. माझा नवरा, हो, तोच, त्याला जाऊन भेटला आणि काय बोलला मला माहीत नाही, पण घर राहिलं. त्या आठवड्यात आणखीही एक झालं. दुपारच्या वेळी बायका येऊ लागल्या. ड्रायव्हरांच्या, गिरणीवाल्यांच्या, एक तर बऱ्या घरची, डोक्यावरून पदर घेऊन. त्या माझ्या ओसरीवर बेबाबाईजवळ बसायच्या आणि हळूच विचारायच्या, रक्त कुठे तपासतात? नवऱ्याला कळेल का? बेबाबाई त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायची. रांगेत उभी राहायची. त्यांच्यापैकी काहींचं रक्त चांगलं निघालं, काहींचं नाही. ज्यांचं नाही निघालं, त्यांच्यातल्या एकीचाही नवरा दुसऱ्या पुरुषाबरोबर राहणारा नव्हता. सगळ्याजणी हळद लावून, अक्षता घेऊन नांदायला आलेल्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात बेबाबाई गेली. शेवटी क्षय झाला होता. लोटन आणि कौतिक आळीपाळीने तिच्याजवळ बसायचे. आधी तिला उचलून न्हाऊ घालायला दोघं संकोचायचे, तर ती म्हणाली, "तुम्हले ते बायास्मा गोडी नही, मंग लाज कसानी?" आणि स्वतःच हसली. त्या घरात मी तिला हसताना ऐकलं ते बहुधा शेवटचंच.

सुकदेवला कळवलं. तो आला, लेकीच्या पायाशी बसला आणि ओक्साबोक्शी रडला. खांदा द्यायला पुढे आला तेव्हा लोटन त्याच्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, अडवतोय. मग लोटन बाजूला झाला. म्हणाला, "दे. निदान आज तरी दे."

दहाव्यानंतर भागाबाई आली. म्हातारी झाली होती, वाकली होती. ओसरीवर टेकून कौतिकला म्हणाली, "मी पोऱ्याना जीवसाठे करं. माले काय माहित." कौतिकने तिला पाणी दिलं, ताट वाढलं, भाकरी कुस्करून दुधात भिजवून दिली कारण तिला दात नव्हते. लोटनने ते सगळं बघितलं. त्याने सायकल काढली आणि दुकानात निघाला.

मी फाटकाशी होते. म्हटलं, "लोटनभाऊ, म्हातारी आहे. दोन शब्द बोला."

तो म्हणाला, "कुंदाताई, तिला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते कौतिकने तिला सांगितलं होतं. जिला काही माहीत नव्हतं ती मेली. म्हातारीला जेवू घाला, राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण मला बोलायला लावू नका."

भागाबाई त्यानंतर बऱ्याचदा यायची. कौतिक तिला ठेवून घ्यायचा. लोटन तिच्यासाठी बाजारातून केळी आणायचा, मऊ, पिकलेली, आणि तिच्याशेजारी ठेवून न बोलता आत जायचा. ती मरेपर्यंत तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.